प्रभूच्या चरणांपाशी आणि शेजाऱ्याच्या दारी



आपल्या धर्मग्रामात दोन वाक्ये वारंवार कानावर येतात. पहिले, “फादर, नुसती जपमाळ करून कुणाचे पोट भरते का?” दुसरे, “समाजकार्य करणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत; चर्चने प्रार्थनेचे तेवढे पाहावे.” दोन्ही बाजूंची माणसे श्रद्धावान आहेत. कुणी आराधनेच्या तासाला गुडघे टेकून बसतो, तर कुणी सरकारी दवाखान्यात परगावच्या रुग्णासाठी धावपळ करतो. दुःख एवढेच की, हे दोघे एकमेकांकडे थोड्या संशयाने पाहतात. म्हणून वैयक्तिक भक्ती आणि प्रेषितकार्य यांचा मेळ कसा घालावा, याचा आज आपण पवित्र शास्त्राच्या व ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीच्या आधारे अभ्यास करू या.

१. पाचारण एक, हेतू दोन

मार्कलिखित शुभवर्तमानात (३:१३-१५) प्रभू येशू डोंगरावर जाऊन बारा जणांना निवडतो. मार्क त्याची दोन कारणे देतो : त्यांनी प्रभूच्या सोबत असावे, आणि प्रभूने त्यांना पाठवावे. आधी सोबत, मग पाठवणी. जो प्रभूजवळ कधी बसलाच नाही, तो निरोप कुणाचा सांगणार? आणि जो कायम बसूनच राहिला, त्याने पाठविणाऱ्याचे ऐकले असे कसे म्हणावे?

प्रभूने स्वतः हेच आचरणात आणले. कफर्णहूम येथे सूर्यास्तानंतरही दाराशी रोग्यांची गर्दी होती. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, तो एकांतात प्रार्थनेला गेला. शिष्य शोधत आले, तेव्हा तो उठून आसपासच्या गावांकडे निघाला (मार्क १:३२-३९). कामामुळे त्याची प्रार्थना चुकली नाही आणि प्रार्थनेमुळे गावे राहिली नाहीत.

आपला ‘मिस्सा’ हा शब्दही हेच शिकवतो. तो लॅटिन भाषेतून आला असून त्याच्या मुळाशी ‘पाठवणे’ हा अर्थ आहे. ‘मिशन’ हा शब्दही त्याच मुळाचा. म्हणजे दर रविवारी वेदीसमोर जमणे आणि नंतर दाराबाहेर पडणे, ही एकाच मिस्साची दोन पावले आहेत.

२. मार्था आणि मरिया

या विषयावर बोलताना लूक १०:३८-४२ हा उतारा हमखास निघतो आणि बिचाऱ्या मार्थेला दोष दिला जातो. परंतु हा उतारा त्याच्या जागेवर ठेवून वाचला पाहिजे. त्याच्या लगेच आधी दयाळू शोमरोनीचा दाखला आहे आणि लगेच नंतर प्रभू शिष्यांना प्रार्थना करायला शिकवतो. जखमी माणसासाठी वाट सोडून थांबणे, प्रभूच्या चरणांपाशी ऐकत बसणे आणि पित्याला हाक मारणे : लूकने हे तिन्ही एकापाठोपाठ ठेवले आहे. एक काढला तर बाकीचे दोन अपुरे राहतात.

प्रभूने मार्थेचा स्वयंपाक नाकारला नाही. पुष्कळ गोष्टींची चिंता करून तिचे मन विखुरले होते, त्याकडे त्याने बोट दाखवले. सेवा करता करता बहिणीविषयी तक्रार सुरू झाली की समजावे, सेवेतला प्रभू मागे पडला आणि आपण पुढे आलो. पुढे हीच मार्था भावाच्या मृत्यूनंतर येशू हाच ख्रिस्त असल्याची कबुली देते (योहान ११:२७). २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी २९ जुलै या दिवशी एकट्या मार्थेऐवजी मार्था, मरिया आणि लाझरस या तिघा भावंडांचे स्मरण करण्याचे ठरवले. एकाच घरात दोघी बहिणींना जागा आहे.

३. प्रार्थना सोडून उठावे लागले तर?

संत व्हिन्सेंट डी पॉल यांनी आपल्या धर्मभगिनींना शिकवले की, प्रार्थनेच्या वेळी गरिबाची हाक आली तर निःशंक उठावे; ते देवाला देवासाठीच सोडणे होय. आपल्या भागाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे गेली. ढिगाऱ्याखालून हाक येत असताना जो धावला, त्याची त्या सकाळची प्रार्थना चुकली असे कोण म्हणेल?

मात्र हा आधार सोयीने वापरू नये. रोजच ‘वेळ मिळाला नाही’ असे होत असेल, तर तिथे गरिबाची हाक नसून आपलाच कंटाळा असतो. शिवाय पहिल्या आठवड्यात मदतीला गर्दी होते, ती ओसरल्यावर वर्षभर टिकून राहायला आतले बळ लागते.

४. पाणी जिरल्याशिवाय विहीर भरत नाही

हे बळ येते कुठून? तत्त्वज्ञानात जुना सिद्धान्त आहे की, जसे अस्तित्व तशी कृती. आपल्या आजीने तेच सोपे करून सांगितले : आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. पाऊस पडतो तेव्हाही उघड्या माळावरून पाणी वाहून जाते आणि सोबत माती नेते. यावर आपल्या राज्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत फादर हर्मन बाखर हे येशूसंघीय धर्मगुरू होते. स्वित्झर्लंडमधून ते १९४८ साली भारतात आले आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हे त्यांचे मुख्य कार्यक्षेत्र राहिले. २०२१ मध्ये ते देवाघरी गेले. गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी पाणलोट विकासाचे काम उभे केले. या कामाचा नियम आहे ‘माथा ते पायथा’ : आधी डोंगरमाथ्यावर चर खणायचे, झाडे लावायची, पाणी अडवून जिरवायचे, नंतर खाली बंधारे बांधायचे. वर जिरलेले पाणी खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीत उतरते.

प्रार्थना म्हणजे हे जिरणे. देवाचे वचन ऐकले आणि लगेच दुसऱ्याला सांगत सुटलो, तर ते वाहून जाते. संत बर्नार्ड यांनीही बजावले होते की, माणसाने केवळ पाट होऊ नये, आधी तळे व्हावे. भरल्यावर आपोआप इतरांना मिळते. पण पाणलोटाचे यश मोजतात ते खालच्या विहिरींवरून. म्हणून आपल्या भक्तीला एक प्रश्न विचारावा : माझ्या प्रार्थनेने आजवर कुणाची विहीर भरली?

५. दोन आश्रयदाते

काही जण म्हणतील, “फादर, आम्ही आजारी, वयस्कर, आम्ही कुठे जाणार?” त्यांनी ख्रिस्तसभेचा एक निर्णय लक्षात घ्यावा. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले आणि पुढे जपानपर्यंत गेले. लिझ्यूची संत तेरेजा पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली आणि १८९७ साली, चोविसाव्या वर्षी, तिथेच वारली. मिशनसाठी ती कुठेही गेली नाही. तरी १९२७ साली पोप पायस अकरावे यांनी तिला झेवियर यांच्या बरोबरीने मिशनकार्याची आश्रयदाती घोषित केले. तेव्हा खाटेवरून केलेली जपमाळ हेही प्रेषितकार्यच आहे, जर ती स्वतःपुरती नसून कुणाचे तरी नाव घेऊन केली असेल.

६. प्रेषितकार्य म्हणजे काय?

प्रेषितकार्य म्हणजे डोकी मोजणे नव्हे, आणि मदतीच्या बदल्यात श्रद्धा मागणे तर मुळीच नव्हे. ख्रिस्ताची प्रीती आपल्या वागण्यातून दिसावी, आणि कुणी विचारले तर तिचे कारण नम्रपणे सांगता यावे (१ पेत्र ३:१५). आपल्या नांदेडात सचखंड गुरुद्वाऱ्यात कीर्तन चालते आणि लंगरही चालतो. तिथे कुणाला जात वा धर्म विचारत नाहीत. शेजाऱ्याच्या अशा चांगुलपणाकडून आपणही शिकावे.

आपली नर्स भगिनी रात्रपाळीत, आपला रेल्वेतला बंधू फलाटावर, आपले शिक्षक वर्गात, हे सर्व पाठविलेलेच आहेत. नापिकी आणि कर्ज यांनी खचलेला शेतकरी, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची गावी राहिलेली मुले, हे आपल्या दाराबाहेरच आहेत.

या आठवड्यासाठी

१. रोज सकाळी कामाला लागण्यापूर्वी पंधरा मिनिटे मार्कलिखित शुभवर्तमान वाचून शांत बसावे.
२. घरातील जपमाळेच्या वेळी घराबाहेरच्या एका माणसाचे नाव घ्यावे आणि आठवड्याच्या आत त्याला भेटून यावे.
३. आराधनेला नियमित येणाऱ्यांनी एकदा दवाखान्यातील भेटीला यावे. सेवाकार्य करणाऱ्यांनी एकदा आराधनेला येऊन बसावे.
४. कुटुंबसमूहाच्या बैठकीत चर्चा करावी : मी मार्थेसारखा कुठे विखुरलो आहे? आणि भक्तीच्या नावाखाली मी कुणाचे दार टाळतो आहे?

ज्या प्रभूने आपल्याला जवळ बोलावले, तोच आपल्याला पाठवीत आहे. तो आपणां सर्वांना आशीर्वादित करो.

ख्रिस्तामध्ये आपले,
धर्मगुरू