दान नव्हे, दाम : न्याय्य व्यापाराचा एक अभ्यास

शेतमालाचा भाव कोणी ठरवावा, हा प्रश्न वरकरणी अर्थशास्त्राचा वाटला तरी मुळात तो सत्तेचा आहे. ज्याच्या हाती तराजू, त्याच्या हाती भाव. घाम गाळणारा मात्र मिळेल ते घेऊन घरी परततो. जगाच्या बाजारातील ही रीत बदलावी म्हणून जी चळवळ उभी राहिली, तिला ‘फेअर ट्रेड’ म्हणजेच न्याय्य व्यापार असे म्हणतात. कॉफी या एकाच पिकाच्या आधारे तिचे कार्य व तिच्या मर्यादा समजून घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एका नावाचा इतिहास

डच सत्तेने १८३० पासून जावा बेटावर सक्तीच्या लागवडीची पद्धत अमलात आणली. रयतेने आपली काही जमीन व श्रम कॉफी, ऊस, नीळ अशा निर्यातीच्या पिकांसाठी द्यावेत आणि तो माल सरकारने ठरवलेल्या दराने सरकारलाच द्यावा, असा तो दंडक होता. हॉलंडचा खजिना भरला. जावाच्या काही भागांत मात्र १८४० च्या दशकात दुष्काळाने माणसे मेली. १८५६ साली लेबाक जिल्ह्यात नेमणूक झालेल्या एदुआर्द डाउवेस डेक्कर या डच अधिकाऱ्याने रयतेच्या पिळवणुकीविरुद्ध वरिष्ठांकडे तक्रार केली. दाद मिळेना, तेव्हा त्याने राजीनामा दिला आणि १८६० मध्ये ‘माक्स हावेलार’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. त्यासाठी त्याने ‘मुल्तातुली’ हे टोपणनाव घेतले. या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘मी पुष्कळ सोसले’ असा होतो.

पुढे याच कादंबरीच्या नायकाचे नाव हॉलंडमध्ये कॉफीच्या पाकिटावर आले. ती कॉफी मात्र जावाची नव्हती. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातील होती.

मदत नको, भाव द्या

ओआहाकाच्या डोंगराळ भागात आदिवासी शेतकरी लहान लहान तुकड्यांवर कॉफी पिकवीत. गावात येऊन पडेल भावाने माल उचलणाऱ्या दलालांना ते ‘कोयोते’ म्हणत. कोयोते हा कोल्ह्यासारखा धूर्त प्राणी आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी या शेतकऱ्यांनी ‘उसिरी’ ही आपली सहकारी संस्था उभारली. दलालाला वगळून माल एकत्र विकणे, हा तिचा पहिला उद्योग होता. त्यांच्यात राहून काम करणारे डच धर्मगुरू फ्रान्स व्हान डर हॉफ आणि हॉलंडमधील ‘सॉलिडारिदाद’ संस्थेचे निको रोझेन यांनी एकत्र येऊन १५ नोव्हेंबर १९८८ रोजी ‘माक्स हावेलार’ हे व्यापारचिन्ह सुरू केले. या चिन्हाची कॉफी साध्या दुकानात मिळू लागली, हे तिचे वेगळेपण होय. शेतकऱ्यांची मागणी देणगीची नव्हती. योग्य भावाची होती.

त्या भावाची किती गरज होती, हे पुढच्याच वर्षी दिसून आले. कॉफीच्या निर्यातीवर देशवार मर्यादा घालणारा आंतरराष्ट्रीय करार जुलै १९८९ मध्ये कोलमडला आणि काही महिन्यांतच जागतिक भाव जवळपास निम्म्यावर आले.

व्यवहार कसा चालतो?

आपल्या परिचयाचा हमीभाव सरकार जाहीर करते. येथे किमान भावाचे बंधन खरेदीदारावर असते. धुतलेल्या अरेबिका कॉफीचा हा किमान भाव २०११ पासून पौंडाला १ डॉलर ४० सेंट होता. ऑगस्ट २०२३ पासून तो १ डॉलर ८० सेंट झाला. बाजारभाव याहून चढला, तर चढा भाव द्यावा लागतो. शिवाय पौंडामागे २० सेंट अधिक मिळतात. ही रक्कम संस्थेच्या सामाईक निधीत जाते आणि तिचा विनियोग सभासद आपल्या सभेत ठरवतात. शाळा असो, दवाखाना असो वा गोदाम असो, निर्णय त्यांचा असतो. माझ्या मते, हा अधिकार भावाइतकाच मोलाचा आहे. कारण दान घेणाऱ्याला हिशेब विचारता येत नाही, सभासदाला मात्र तो विचारता येतो.

मजुराचे काय?

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. शेतकरी लहान असला तरी तोडणीच्या हंगामात त्याच्या मळ्यात रोजंदारीवर राबणारे असतातच. त्यांना जमीन नाही, म्हणून संस्थेचे सभासदत्व नाही आणि सभेत मतही नाही. सोआस या लंडनमधील विद्यापीठ संस्थेच्या संशोधकांनी इथिओपिया व युगांडा येथे केलेल्या पाहणीचा अहवाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. प्रमाणपत्र असलेल्या ठिकाणच्या मजुरांची स्थिती इतर ठिकाणच्या मजुरांपेक्षा चांगली नव्हती. उलट मजुरी बहुधा कमीच होती, असे त्यात आढळले. ही तुलना सारख्यांमधील नाही, असा आक्षेप चळवळीने घेतला. तो आक्षेप विचारात घेतला तरी मूळ प्रश्न उरतोच. चहा व फुलांच्या मोठ्या मळ्यांसाठी मजुरांचे वेगळे नियम आहेत, तेथे वाढीव रकमेचा निर्णय मजुरांची निवडलेली समिती घेते. लहान शेतकऱ्याच्या बांधावरचा मजूर मात्र अजून बऱ्याच अंशी हिशेबाबाहेर आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांनी दुसऱ्याच्या शेतात मजुरी केली आहे. त्यामुळे मालकाला भाव मिळाला म्हणजे मजुरालाही मिळालाच, असे आपण गृहीत धरू शकत नाही. म्हणून न्याय्य व्यापाराला नाकारण्याचे कारण नाही. दलालाच्या हातातील तराजू त्याने शेतकऱ्याच्या संघटनेकडे आणला, ही त्याची खरी कमाई आहे. तोच तराजू भूमिहीन मजुराच्या संघटनेपर्यंत नेणे, हे राहिलेले काम आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी कोणत्याही वस्तूची किंमत वाचताना दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : यातील किती वाटा पिकवणाऱ्याला मिळाला आणि किती वाटा तोडणाऱ्याला?