वहींतलें शेत

या आठवड्याचा आपला पाठ शेतीच्या हिशेबाविषयीं आहे.

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाघोली हें गांव आहे. २०२१ सालीं तें पुणें महानगरपालिकेंत सामील झालें. जेथें पिकें उभीं असत, तेथें आतां इमारती उभ्या आहेत. ज्यांच्याकडे एकदोन एकर उरले आहेत, त्यांच्यापुढें प्रश्न येतो : जमीन राखावी कीं विकावी? याचें उत्तर आम्ही देत नाहीं, कारण तें घरोघर निराळें आहे. परंतु हिशेब न पाहतां दिलेलें उत्तर बहुधा पस्तावा आणतें, एवढें आम्ही निश्चित सांगतों.

ही गोष्ट नवी नाहीं. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं पिंपळे सौदागर या गांवीं घरोघर चौकशी करून तिचा वृत्तांत १९१७ सालीं प्रसिद्ध केला. तेथील सरासरी खातें १७७१ सालीं सुमारें ४० एकरांचें होतें. १९१५ सालीं तें सुमारें ७ एकरांवर आलें होतें. वांटणीमागून वांटणी होऊन शेतांचे तुकडे पडले होते, आणि बहुतेक कुटुंबांस केवळ शेतीवर निर्वाह करणें अशक्य झालें होतें. डॉक्टरसाहेबांनीं कोणास आळशी म्हटलें नाहीं. त्यांनीं जमा व खर्च मांडून पाहिला. आज पिंपळे सौदागरही शहरांत विरून गेलें आहे. पण ती रीत आपल्या उपयोगाची आहे.

पहिली शिकवण : प्रत्येक पिकाचें निराळें पान असावें. समजा, दहा गुंठे मेथी केली. बी, खत, मजुरी, गाडीभाडें व हमाली मिळून ४,५०० रुपये गेले आणि ६,००० आले. आपण म्हणतों, १,५०० सुटले. परंतु घरचीं दोन माणसें दहा दिवस राबलीं, तें कोठें लिहिलें? वीस दिवसांच्या श्रमास १,५०० म्हणजे दिवसाला अवघे ७५ रुपये पडले. वही नसती, तर हें कळलेंच नसतें.

दुसरी शिकवण : बाजारची पट्टी वाचावी. भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेतां खरेदीदाराकडून घ्यावी, असा नियम महाराष्ट्रांत २०१६ सालीं झाला. पट्टींत अडत कापलेली दिसल्यास ती कां कापली, हें नम्रपणें पण न भितां विचारावें.

तिसरी शिकवण : एकट्यानें सौदा करूं नये. २००२ सालच्या कायद्यानें १० किंवा अधिक शेतकऱ्यांस मिळून उत्पादक कंपनी स्थापितां येते. बी एकत्र घ्यावें, माल एकत्र पाठवावा, म्हणजे भाडें वांटून जातें. जमिनीच्या बाबतींतही एकीचें बळ दिसलें आहे. हडपसरजवळ मगरपट्टा येथील सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं आपली जमीन सुटी सुटी न विकतां एकत्र केली, तीवर वसाहत उभारली, आणि जमिनीच्या प्रमाणांत भाग घेतले. मात्र जेथें सभासदांस हिशेब वाचून दाखविला जात नाहीं, तेथें एकी फार दिवस टिकत नाहीं.

शिकावयाचें कोठें? पुणें जिल्ह्यांत बारामती व नारायणगांव येथें कृषि विज्ञान केंद्रें आहेत. तेथें माती, बियाणें व रोग यांविषयीं सल्ला मिळतो. माल निवडणें, बांधणें व टिकविणें यांचें शिक्षण तळेगांव दाभाडे येथील काढणीपश्चात् तंत्रज्ञान संस्थेंत मिळतें. ज्यांस लिहितां येत नाहीं, त्यांनीं शाळेंत जाणाऱ्या मुलीच्या हातीं वही द्यावी. ती लिहील, आणि लिहितां लिहितां घराचा कारभारही शिकेल.

जमीन एकदां गेली कीं परत येत नाहीं. म्हणून सही करण्यापूर्वीं निदान एक वर्षाची वही समोर असावी.

मंडळीनें विचार करावयाचे प्रश्न :
१. गेल्या हंगामांत आपल्या घरच्या श्रमाचें मोल किती पडलें?
२. मागील पट्टींत कोणकोणत्या रकमा कापल्या होत्या?
३. आपल्या गांवांत मिळून माल पाठवितील असे दहा जण कोण?