आधी छातीकडे बघा

पोरींनो, टीपीआर चार्टवर सगळ्यात जास्त थापा कुठे मारल्या जातात, सांगू? श्वासाच्या रकान्यात. ताप थर्मामीटर दाखवतो, नाडी-बीपी मशीन दाखवतं. श्वास मोजायचा कंटाळा येतो, म्हणून एकेका खाटेसमोर २०, २०, २० लिहून मोकळ्या होता. ब्रदर लोकांनो, हसू नका, तुमचे चार्टही मी बघितलेत. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. तो २५ च्या वर चालला, की आत काहीतरी बिघडतंय, आणि पुष्कळदा बीपी पडायच्या बरंच आधी ते तिथे दिसतं.

मोजायचा कसा? नाडी बघून झाली तरी मनगट सोडू नका आणि नजर छाती-पोटावर ठेवा. ‘आता श्वास मोजते’ म्हटलं की माणूस लगेच वेगळा श्वास घ्यायला लागतो. मोजा पूर्ण मिनिटभर. १५ सेकंद मोजून चारने गुणलं आणि एक श्वास चुकला, तर चार्टवर चार चुकतात. त्या मिनिटात आणखीही बघा: नाकपुड्या फुलतात का, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाते का, एक वाक्य न थांबता बोलता येतं का. बोटाला लावलेल्या यंत्रावर फार विसंबू नका. नेलपॉलिश असेल किंवा बोटं गार पडली असतील तर ते चुकीचं दाखवतं.

आपल्या नागपूरच्या मेडिकलला आणि मेयोला पार गोंदिया-गडचिरोलीहून पेशंट येतात. पावसाळ्यात पहाटे एखादा येईल. रात्री जमिनीवर झोपलेला, पोटात दुखतंय, उलटी झाली. अंगावर ना सूज, ना धड दिसणारी दाताची खूण. घरचे म्हणतील, ‘काही शिळंपाकं खाल्लं असन जी.’ अशा वेळी पापण्या बघा. त्या जड होऊन खाली येत असतील तर मण्यार साप चावल्याचं मनात आणा. उशीवरून मान उचलायला सांगा. एका दमात १, २, ३ मोजायला लावा आणि कुठवर पोचला ते लिहा. थोड्या वेळाने पुन्हा मोजायला लावा. तो आकडा उतरत गेला, तर ऑक्सिजन ९८ दिसला तरी गाफील राहू नका. तो पडतो फार उशिरा. अशा पेशंटला डोळे उघडता येत नाहीत, पण ऐकू सगळं येत असतं. त्याच्या उशाशी ‘काही खरं नाही’ असं बोलायचं नाही, नातेवाइकांनाही बोलू द्यायचं नाही.

घोणसाचं वेगळं. तिथे रक्त गोठतं की नाही ते बघायचं. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घ्या, २० मिनिटं नळीला हात लावू नका, मग एकदाच तिरकी करा. साबणाने धुतलेली किंवा प्लॅस्टिकची नळी चालत नाही.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की भर दुपारी बरळणारा माणूस कॅज्युअल्टीत येतो आणि कोणीतरी म्हणतंच, ‘प्यायलेला दिसतो.’ म्हणू दे. आपण आधी शुगर आणि ताप बघायचा. काखेतला थर्मामीटर आतला ताप कमी दाखवतो, म्हणून तो गुदद्वारातून घ्या. १०४ च्या वर असेल आणि भान नसेल, तर उष्माघात समजून चालायचं. अंग कोरडंच असतं असं पुस्तकात पाठ केलं असेल, पण उन्हात राबलेला मजूर घामाने निथळतही येतो. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. कपडे काढा, अंगावर पाणी मारा, पंखा लावा.

सिकलसेलच्या पोरांना ‘नाटक करते’ म्हणायची आपल्याकडे वाईट खोड आहे. लहानपणापासून दुखणं सोसलेलं पोरगं मोबाइल बघत बघतही कळा काढतं. दहापैकी किती दुखतं ते विचारा आणि ते सांगेल तोच आकडा लिहा. ताप आला, छातीत दुखू लागलं किंवा श्वास वाढला, तर राउंडची वाट बघू नका.

आणि रात्री दोन वाजता रेसिडेंटला फोन लावून ‘सर, पेशंट बरा वाटत नाही’ असं सांगू नका. तो ‘बघतो’ म्हणून कूस बदलेल. सांगायचं असं: ‘बेड १४, मण्यारचा संशय. दहा वाजता श्वास १८ होता, आता २८ आणि उथळ. मान उचलत नाही. एका दमात २५ मोजत होता, आता १२ वर थांबतो. या, मी अँबू बॅग काढून ठेवते.’ फोन किती वाजता केला आणि कोणी उचलला, तेही चार्टवर लिहा.