संगणकातील शोधपेटी आणि व्यापाऱ्याची अमानत

व्यापारात माहिती ही मालाइतकीच मोलाची असते. सूत कोणत्या भावाने उचलले, कोणत्या पार्टीकडे किती महिन्यांची उधारी थकली आहे, दलालाशी दलाली किती ठरली आहे, रंगाईला किती मीटर ग्रे कापड गेले आहे, या गोष्टी पेढीच्या बाहेर गेल्या तर नुकसान रोख रकमेच्या चोरीपेक्षा कमी होत नाही. शिवाय आपल्या दप्तरातील सगळीच माहिती आपली नसते. कारागिराचे आधार कार्ड, पार्टीचा बँक खाते क्रमांक, ग्राहकाने विश्वासाने दिलेले नवे डिझाइन, हे सारे दुसऱ्याचे असते. ते आपल्याकडे अमानत म्हणून ठेवलेले असते आणि अमानतीचा हिशेब आपल्याच्या हिशेबापेक्षा अधिक चोख ठेवावा लागतो.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील लहानमोठ्या पेढ्यांतून आज वह्यांची जागा संगणकाने घेतली आहे. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु संगणकात एक सोय अशी आहे की तिचा फायदा सर्वांना दिसतो आणि तिचा धोका फार थोड्यांच्या ध्यानात येतो. ती सोय म्हणजे फाइल शोधून देणारी चौकट. पार्टीचे नाव टाइप करावे आणि क्षणात तिची सारी बिले, पत्रे, ई-मेल समोर यावेत. हे होते कसे आणि त्यात सांभाळायचे काय, याचा आपण येथे विचार करणार आहोत.

रोजकीर्द आणि खतावणी

वही लिहिणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगणे सोपे आहे. रोजकीर्दीत व्यवहार तारखेप्रमाणे उतरवले जातात. एका पार्टीचे वर्षभराचे व्यवहार पाहायचे तर शेकडो पाने उलटावी लागतील. म्हणून आपण खतावणी करतो. नावाप्रमाणे सर्व व्यवहार एका ठिकाणी आणतो. खतावणी ज्याच्या हाती लागली त्याला रोजकीर्द चाळण्याची गरजच उरत नाही.

संगणकही हेच करतो. आपण काम थांबवून चहा पीत असतो तेव्हा तो फाइली उघडून वाचतो आणि कोणता शब्द कोणत्या फाइलीत आहे याची सूची बनवून ठेवतो. या सूचीला इंडेक्स म्हणतात. आपण शब्द टाइप करतो तेव्हा संगणक हजारो फाइली चाळत नाही, फक्त सूची पाहतो. म्हणूनच उत्तर क्षणात मिळते.

येथेच मुद्दा आहे. पूर्वी विखुरलेपणा हाच एक पडदा होता. चोराच्या हाती वह्यांची खोली लागली तरी कोणती वही उघडावी हे त्याला कळत नसे. इंडेक्सने तो पडदा काढून टाकला. जी माहिती आपल्याला क्षणात सापडते, ती आपल्या खुर्चीवर बसणाऱ्या दुसऱ्यालाही तितक्याच क्षणात सापडते.

गुगल डेस्कटॉपचा धडा

हा धोका जगासमोर प्रथम ठळकपणे आला तो अमेरिकेतील गुगल कंपनीच्या एका प्रोग्रॅममुळे. ऑक्टोबर 2004 मध्ये गुगलने 'गुगल डेस्कटॉप सर्च' हा प्रोग्रॅम विनामूल्य उपलब्ध केला. तो आपल्या संगणकातील पत्रे, हिशेबाचे तक्ते, ई-मेल यांची सूची बनवीत असे. त्याचबरोबर ब्राउझरमध्ये पाहिलेल्या पानांचीही तो नोंद ठेवी आणि त्यात बँकेची सुरक्षित म्हटली जाणारी पानेही येऊ शकत होती. एकच संगणक अनेकजण वापरत असतील तर एकाने पाहिलेले दुसऱ्याच्या शोधात वर येई.

दोनच महिन्यांत, डिसेंबर 2004 मध्ये, अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यातील एक उणीव उघड केली. हा प्रोग्रॅम आपल्या संगणकातील निकाल गुगलच्या नेहमीच्या पानातच मिसळून दाखवी. संशोधकांनी दाखवून दिले की एखादी लबाड वेबसाइट या मिसळणीचा फायदा घेऊन त्या निकालांतील त्रोटक मजकूर वाचू शकते. गुगलने ती उणीव दुरुस्त केली. परंतु घरातील वस्तूंची यादी आणि बाहेरचा रस्ता एकाच दाराशी आणले की काय होऊ शकते, हे त्यातून दिसले.

पुढे फेब्रुवारी 2006 मध्ये तिसऱ्या आवृत्तीत आणखी एक सोय आली. एका संगणकावरील फाइली दुसऱ्या संगणकावरून शोधता याव्यात म्हणून त्यांचा मजकूर गुगलच्या स्वतःच्या यंत्रांवर काही काळ ठेवला जाई. ही सोय आपोआप चालू होत नसे, वापरणाऱ्याने ती निवडावी लागे. तरीही नागरिकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने लोकांना ती न वापरण्याचा सल्ला दिला. संस्थेचे म्हणणे असे होते की कागद आपल्या घरात असतो तेव्हा कायद्याचे जे संरक्षण मिळते, तेच तो कागद दुसऱ्याच्या गोदामात गेल्यावर कमी होते. 2011 मध्ये गुगलने हा प्रोग्रॅमच बंद केला. प्रोग्रॅम गेला, पण त्याचे काम आता विंडोज व मॅक या प्रणालींच्या अंगातच आले आहे. म्हणून धडा जुना झालेला नाही.

धोक्याच्या चार वाटा

पहिली वाट खुर्चीची. विंडोज प्रत्येक वापरकर्त्याला त्याला परवानगी असलेल्या फाइलीच शोधात दाखवते. ही व्यवस्था चांगली आहे, परंतु ती तेव्हाच उपयोगी पडते जेव्हा प्रत्येकाचे खाते वेगळे असते. आपल्या पेढ्यांत सहसा एकच खाते आणि एकच पासवर्ड असतो. मालक, मुनीम, बिल करणारा मुलगा आणि दुरुस्तीला आलेला मेकॅनिक सर्व त्याच खात्यावर बसतात. मग संगणकाच्या दृष्टीने ते सर्वच मालक होत.

दुसरी वाट मागे राहिलेल्या नकलेची. फाइल काढून टाकली की तिची नोंदही सूचीतून निघते, असे आपण धरून चालतो. वरवर पाहता तसे होतेही. परंतु सूची हीदेखील डिस्कवरची एक मोठी फाइलच आहे आणि पुसलेल्या नोंदींचे अवशेष तिच्यात काही काळ राहू शकतात. पोलीस तपासातील तज्ज्ञ विंडोजच्या या सूचीतून नष्ट केलेल्या फाइलींचा माग काढतात. जे तपास करणाऱ्याला साधते ते जुना संगणक विकत घेणाऱ्यालाही साधू शकते.

तिसरी वाट बाहेर जाणाऱ्या शब्दाची. आपण समजतो की शोधपेटीत टाइप केलेला शब्द आपल्या संगणकातच राहतो. परंतु 2013 मधील विंडोज 8.1 पासून मायक्रोसॉफ्टने या पेटीला आपल्या बिंग या शोधसेवेची जोड दिली. मॅक संगणकांत 2014 च्या योसेमिटी आवृत्तीपासून स्पॉटलाइटमध्येही तसेच आले. ही सोय चालू असेल तर आपण टाइप केलेले पार्टीचे नाव इंटरनेटवरून कंपनीकडे जाते. फाइल जात नाही हे खरे, पण आपण कोणाच्या नावाचा शोध घेतला हीदेखील व्यापाऱ्याची खासगी बाब आहे.

चौथी वाट स्वतः शोध घेणाऱ्या प्रोग्रॅमचीच. जो प्रोग्रॅम सर्व खोल्यांत फिरतो, त्याच्यातच उणीव असली तर ती सर्व घराला भोवते. जुलै 2001 मध्ये 'कोड रेड' नावाचा किडा जगभर पसरला. तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरील इंडेक्सिंग सेवेच्या उणिवेतून आत शिरत असे. एका दिवसातच साडेतीन लाखांहून अधिक यंत्रे त्याने बाधित केली. जून 2017 मध्येही विंडोजच्या शोधसेवेतील एक गंभीर उणीव मायक्रोसॉफ्टला तातडीने दुरुस्त करावी लागली. म्हणून कंपनीकडून येणारे अपडेट लांबणीवर टाकणे म्हणजे मोडकी कडी तशीच ठेवणे होय. विंडोज 10 ला मिळणारी नेहमीची मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 पासून थांबली, हेही येथे नोंदवून ठेवावे.

पडद्याचीच नोंद ठेवणारा संगणक

मे 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने 'रिकॉल' नावाची सोय जाहीर केली. कोपायलट प्लस या नावाने विकल्या जाणाऱ्या नव्या संगणकांसाठी ती आहे. त्यात पडद्यावर जे जे दिसते त्याची छायाचित्रे थोड्या थोड्या वेळाने घेतली जातात आणि त्यातील मजकुराची सूची बनते. सुरक्षा तज्ज्ञांनी लगेच दाखवून दिले की पहिल्या स्वरूपात ही सूची आतून साध्या, न कुलूपलेल्या मजकुराच्या रूपात होती. टीका एवढी झाली की जून 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने सोय लांबणीवर टाकली. नोंदींना सांकेतिक कुलूप लावले, वापरणाऱ्याने स्वतः होकार दिल्याशिवाय ती सुरू होणार नाही असे ठरवले आणि एप्रिल 2025 पासून ती टप्प्याटप्प्याने दिली. यात व्यापाऱ्याने पाहायचे ते हे की येथे फाइल साठवण्याचीही गरज उरत नाही. पार्टीचा बँक खाते क्रमांक पडद्यावर दिसला एवढे पुरेसे होते.

करावयाच्या गोष्टी

शोधाची सोय सोडून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. कुलूप नको म्हणून कोणी दुकान बंद करीत नाही. पुढील गोष्टी मात्र प्रत्येक पेढीत व कारखान्यात व्हाव्यात.

1. प्रत्येकाचे खाते वेगळे करावे. मालकाचे खाते इतर कोणी वापरू नये. बिल करणाऱ्याचे खाते साधे असावे, सर्वाधिकाराचे नसावे. मेकॅनिकसाठीही वेगळे खाते ठेवावे आणि खुर्ची सोडताना पडदा लॉक करावा. कीबोर्डवर विंडोजची खूण असलेले बटण आणि एल एकत्र दाबले की काम होते.

2. सूचीत काय जावे हे आपण ठरवावे. विंडोजच्या सेटिंगमध्ये शोधाच्या विभागात वगळावयाचे फोल्डर नोंदवता येतात. आधार कार्ड, पॅन कार्ड, बँकेचे कागद आणि ग्राहकांची डिझाइन एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून तो वगळावा. तेथेच 'क्लासिक' आणि 'एन्हान्स्ड' असे दोन पर्याय दिसतात. दुसऱ्या पर्यायात संपूर्ण संगणकाची सूची बनते. पेढीच्या कामाला सहसा पहिला पुरतो.

3. वगळणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे, हे ध्यानात ठेवावे. वगळलेला फोल्डर उघडून पाहणाऱ्याला सर्व दिसतेच. महत्त्वाच्या फाइलीला उघडण्याचा पासवर्ड द्यावा. तशी फाइल सांकेतिक होते आणि तिचा मजकूर सूचीत जात नाही. नाव मात्र दिसते, म्हणून नावातच गुपित लिहू नये. एक्सेलमध्ये तक्ता फक्त बदलता येऊ नये म्हणून लावलेला पासवर्ड हे संरक्षण देत नाही.

4. शोधपेटीतील इंटरनेटची जोड बंद करावी. मॅकवर स्पॉटलाइटच्या सेटिंगमध्ये तसा पर्याय आहे. विंडोजच्या काही आवृत्त्यांत ही जोड सहज बंद होत नाही. तेथे फाइल शोधायची तर खालच्या पट्टीतील पेटीऐवजी फाइल एक्सप्लोररमधील पेटी वापरावी.

5. लॅपटॉप असेल तर पूर्ण डिस्कला सांकेतिक कुलूप लावावे. विंडोजमध्ये त्याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. त्याची लांबलचक रिकव्हरी की कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावी. ती हरवली तर आपली वही आपल्यालाच बंद होईल.

6. संगणक विकताना नुसत्या फाइली पुसू नयेत. विंडोजमधील 'रीसेट' करताना सर्व काढून टाकण्याचा आणि ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडावा. त्यात काही तास जातात, ते जाऊ द्यावेत. दुरुस्तीला देताना शक्य असेल तर डिस्क काढून घ्यावी, नाहीतर दुरुस्ती आपल्या समोर करून घ्यावी.

कायद्याची बाजूही आता बदलत आहे. ऑगस्ट 2023 मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत केला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने अंमलात आणण्याचे ठरले. दुसऱ्याची माहिती ठेवणाऱ्यावर तिच्या रक्षणाची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यात मांडलेले आहे. आपल्या कारोबारात ते तत्त्व नवे नाही. कारागिराने आपले कार्ड आपल्या हाती दिले तेव्हाच ती जबाबदारी आपण घेतली.

शेवटी एक छोटी परीक्षा सुचवतो. आज दुकान वाढवण्यापूर्वी बिल करणाऱ्या मुलाच्या खात्यावर बसावे आणि फाइल एक्सप्लोररच्या शोधपेटीत तीन शब्द एकामागून एक टाइप करून पाहावेत. आपल्या सर्वांत मोठ्या पार्टीचे नाव, 'आधार' आणि 'पासवर्ड'. इंग्रजी अक्षरांत एकदा आणि मराठी किंवा उर्दूत नोंदी असतील तर त्या लिपीतही एकदा. जे समोर येईल ते पेढीत येणाऱ्या कोणालाही दिसू शकते असे समजावे आणि त्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागावे.