माशाचा श्लेष्मा : ढाल आणि वाटाड्या

मासळी हातातून निसटते ती तिच्या अंगावरील बुळबुळीत श्लेष्मामुळे. हा थर म्हणजे माशाची पहिली संरक्षक फळी होय. लायसोझाइम व प्रतिपिंडे त्यात असतात आणि जुना थर जंतूंसह सतत धुऊन जातो. तथापि, याच ढालीचा माग काढीत काही रोगजंतू माशापर्यंत पोहोचतात. गोव्यासारख्या मत्स्यप्रिय प्रदेशात वैद्यकी करताना मला हा विषय केवळ मत्स्यशास्त्राचा वाटत नाही.

‘व्हिब्रिओ अँग्विलेरम’ हा माशांत रक्तस्रावी जंतुदोष घडविणारा जीवाणू. एका टोकाच्या कशाभिकेच्या बळावर तो पोहतो. आवडत्या रसायनाचे प्रमाण वाढत असेल तर तो त्याच दिशेने पुढे जातो. घटू लागले की दिशा बदलतो. यालाच रसायनानुचलन म्हणतात. ते मोजण्याची रीत सोपी आहे. केसासारख्या बारीक काचनळीत श्लेष्मा भरून ती जीवाणूंच्या द्रवात बुडवावी व ठराविक वेळाने आत शिरलेले जीवाणू मोजावेत. अशा प्रयोगांत दिसले, की ही ओढ एकाच घटकाची नसून अमायनो आम्लांसह अनेक घटकांची मिळून असते.

स्वीडनमधील संशोधकांनी १९९६ साली या क्षमतेचे महत्त्व दाखवून दिले. रसायनाचा माग काढू न शकणारे उत्परिवर्तित जीवाणू पाण्यात सोडले असता ट्राउट माशांना त्यांची बाधा कमी झाली. मात्र तेच जीवाणू सुईने पोटात टोचले असता ते मूळ जातीइतकेच घातक ठरले. म्हणजे माग काढण्याची कला दारापर्यंत पोहोचण्यासाठी हवी. दार फोडून दिले की तिची गरज उरत नाही.

आपल्या दृष्टीने बोध येथेच आहे. मासळी साफ करताना शिंगाळ्याचा काटा हातात रुतणे हे त्या सुईसारखेच होय. याच कुळातील ‘व्हिब्रिओ व्हल्निफिकस’ हा उबदार, मचूळ पाण्यातील जीवाणू अशा जखमेतून शिरतो आणि यकृतविकाराच्या रुग्णास काही तासांत अत्यवस्थ करू शकतो. म्हणून हातापायाची सूज झपाट्याने वाढत असेल, वेदना असह्य असतील वा रक्ताळलेले फोड दिसत असतील, तर मासळीचा वा खाऱ्या पाण्याचा संबंध आला होता काय, हे आपण आवर्जून विचारावे. संशय बळावल्यास तपासणीसाठी नमुना घ्यावा, परंतु अहवालाची वाट न पाहता प्रतिजैविके सुरू करून शल्यचिकित्सकास पाचारण करावे. यकृतविकार असलेल्या वाचकांनी मासळी हाताळताना जाड हातमोजे वापरावेत आणि जखम उघडी असताना हे काम दुसऱ्यावर सोपवावे.