शिर सलामत तर… : अर्धशिशी आणि अर्थनियोजन

‘शिर सलामत तर पगडी पचास’ ही म्हण मराठी माणसाच्या ओठी सहज येते. आरोग्य सांभाळा, संपत्ती मागाहून येईल, असा तिचा सरळ अर्थ. या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : शिर एकतर सलामत असते, नाहीतर नसते. अर्धशिशी जडलेल्या व्यक्तीची स्थिती मात्र या दोहोंच्या मधली असते. महिन्यातील वीस दिवस ती इतरांसारखीच धडधाकट असते, तर उरलेले दहा दिवस तिला खिडक्यांचे पडदे ओढून, उजेड आणि आवाज टाळून काढावे लागतात. गृहकर्जाचा हप्ता, मुलांचे शिक्षणशुल्क, विम्याचा प्रीमियम यांच्या तारखा मात्र दोन्ही प्रकारच्या दिवसांत सारख्याच येतात. म्हणूनच अशा व्यक्तीच्या आर्थिक नियोजनाचा विचार थोडा निराळ्या पद्धतीने करावा लागतो.

आजाराचे स्वरूप

अर्धशिशी म्हणजे साधी डोकेदुखी नव्हे. आयुर्वेदात ‘अर्धावभेदक’ या नावाने या विकाराची नोंद आहे. आधुनिक वैद्यक तिला मज्जासंस्थेचा विकार मानते. उपचार न केल्यास तिचा एक झटका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकू शकतो. डोक्याच्या बहुधा एका बाजूस ठणका, मळमळ किंवा उलटी, प्रकाश आणि आवाज असह्य होणे ही तिची लक्षणे होत. काही रुग्णांना वेदनेपूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी चमकणाऱ्या रेषा दिसतात. झटका ओसरल्यावरही एखादा दिवस ग्लानी राहते, मन एकाग्र होत नाही. महिन्यातून १५ किंवा त्याहून अधिक दिवस डोके दुखत असेल, त्यांपैकी किमान ८ दिवस अर्धशिशीची लक्षणे असतील आणि असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले असेल, तर त्यास ‘दीर्घकालीन अर्धशिशी’ म्हणतात.

हा विकार विरळा नाही. कर्नाटकात प्रौढांची पाहणी करून झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेल्यांचे प्रमाण सुमारे २५ टक्के आढळले. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये तो दुप्पट-तिप्पट आढळतो. त्याचा जोर साधारणतः वीस ते पन्नास या वयात, म्हणजे नेमका कमावण्याच्या आणि साठवण्याच्या वर्षांत असतो. आर्थिक नियोजनाशी त्याचा संबंध येतो तो येथे.

डोकेदुखीची रोजकीर्द

हिशेबाची सुरुवात रोजकीर्दीने होते, उपचाराचीही तशीच होते. एका साध्या वहीत चार रकाने आखावेत : दिनांक, वेदना किती तास टिकली, आदल्या दिवशीचा आहार, झोप व ताण आणि घेतलेल्या गोळ्या. ही नोंद तीन महिने नेमाने ठेवल्यास वहीच बोलू लागते. कोणाला जेवणाची वेळ टळल्याने झटका येतो, कोणाला जागरणाने, कोणाला उन्हाने किंवा उग्र वासाने. एकादशीचा किंवा नवरात्राचा कडक उपवास, नेहमीचा चहा चुकणे, मासिक पाळीचे दिवस हीही कारणे अनेकांच्या वहीत सापडतात. लेखा विभागात काम करणाऱ्यांना आणखी एक अनुभव येतो. मार्चअखेरची धावपळ निभावून जाते आणि एप्रिलच्या पहिल्या सुट्टीच्या दिवशी डोके उठते. ताण एकाएकी उतरला की झटका येण्याचा हा प्रकार वैद्यकास परिचित आहे.

या नोंदीचा दुसरा उपयोग डॉक्टरांकडे होतो. ‘वरचेवर दुखते’ या वाक्यापेक्षा ‘गेल्या महिन्यात ११ दिवस दुखले, १४ गोळ्या घेतल्या’ ही माहिती उपचार ठरविण्यास कितीतरी उपयुक्त असते. मात्र काही लक्षणे वहीत नोंदवून थांबण्याची नव्हेत. एकाएकी उद्भवलेली अतितीव्र वेदना, तापासह मान आखडणे, हातापायांतील शक्ती जाणे, बोबडी वळणे, डोक्यास मार लागल्यानंतर सुरू झालेली किंवा पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेली डोकेदुखी यांपैकी काहीही आढळल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.

गोळ्यांची उचल

वेदनाशामक गोळी ही एका अर्थाने उचल असते. आजचे काम निभावण्यासाठी उद्याकडून घेतलेला तो आराम. अधूनमधून घेतलेली उचल फिटते, पण दर दोन दिवसांनी घेतली तर कर्ज फेडण्यासाठी कर्ज काढण्याची पाळी येते. वैद्यकशास्त्रात या सापळ्याला नेमकी व्याख्या आहे. पॅरासिटामॉलसारख्या साध्या गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, तर ट्रिप्टान, अर्गट किंवा अनेक औषधांचे मिश्रण असलेल्या गोळ्या महिन्यातून १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालल्यास त्या गोळ्याच डोकेदुखीचे कारण ठरू शकतात. दुकानातून परस्पर गोळ्या आणणाऱ्यास हे कळतही नाही. वेदना वाढली म्हणून गोळी वाढते आणि गोळी वाढली म्हणून वेदना.

यावरचा उपाय म्हणजे प्रतिबंधक उपचार. झटका येऊच नये किंवा कमी यावा यासाठी प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट, फ्लुनारिझीन यांसारखी औषधे डॉक्टर रुग्णाची प्रकृती पाहून देतात. ती रोज घ्यावी लागतात आणि त्यांचा गुण जोखण्यास साधारण दोन महिने लागतात. झटके निम्म्याने कमी झाले तरी उपचार यशस्वी मानला जातो. दोन आठवड्यांत गुण नाही म्हणून औषध सोडून देणे हे आवर्ती ठेवीचे खाते दुसऱ्याच हप्त्यानंतर बंद करण्यासारखे आहे. दीर्घकालीन अर्धशिशीसाठी बोटुलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनांना अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळाली, तर २०१८ साली खास या विकारासाठी घडविलेले पहिले प्रतिपिंड-औषध तेथे मान्य झाले. हे नवे उपचार गुणकारी असले तरी खर्चिक आहेत. नेहमीच्या औषधांसाठी मात्र जनौषधी केंद्रांतून मिळणारी जेनेरिक औषधे, डॉक्टरांना विचारून, वापरल्यास मासिक खर्चात मोठी बचत होते.

आजाराची खरी किंमत

आजारामुळे पैसा जातो तो औषधांवर, असा सर्वसाधारण समज आहे. उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. नागपुरातील एका खासगी आस्थापनेत लेखापाल असलेली, दरमहा ४२,००० रुपये हाती येणारी अडतिसाव्या वर्षातील एक महिला कल्पूया. अर्धशिशीमुळे वर्षातून ३० दिवस तिची गैरहजेरी होते. त्यांपैकी १८ दिवस भरपगारी रजेत बसतात, उरलेले १२ दिवस बिनपगारी. दिवसाला १,४०० रुपये धरता हे नुकसान १६,८०० रुपये. डॉक्टरांचे शुल्क, तपासण्या व औषधे दरमहा सरासरी १,१०० रुपये, म्हणजे वर्षाला १३,२०० रुपये. याशिवाय झटक्याच्या दिवसांत राहून गेलेल्या देयकांवरील विलंब आकार, क्रेडिट कार्डावरील व्याज, मुदतीपूर्वी मोडलेल्या ठेवीचे घटलेले व्याज असे मिळून सुमारे ३,००० रुपये. एकूण ३३,००० रुपये.

या बेरजेत औषधोपचाराचा वाटा ४० टक्केच आहे. उरलेले ६० टक्के गेले ते अनियमिततेपायी. याचा अर्थ उपचारावर काटकसर करून फारसे हाती लागत नाही. उलट उपचार टाळले की गैरहजेरीचा मोठा आकडा आणखी फुगतो. नियोजनाचे सूत्र यातूनच निघते : आराखडा आपल्या सर्वांत चांगल्या दिवसासाठी नव्हे, सर्वांत वाईट दिवसासाठी आखावा.

वाईट दिवसासाठी आखलेला आराखडा

पहिली पायरी म्हणजे शक्य तेवढी देणी आपोआप जातील अशी व्यवस्था. बँकेस स्थायी सूचना देऊन आवर्ती ठेव, कर्जाचा हप्ता, प्रीमियम, वीजबिल या रकमा वेतन जमा होण्याच्या दिवसानंतर दोन-तीन दिवसांत वळत्या होतील असे पाहावे. क्रेडिट कार्डासाठी किमान रकमेची नव्हे, संपूर्ण देय रकमेची सूचना द्यावी, कारण थकबाकीवरील व्याजदर अनेक कार्डांवर वार्षिक ३६ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असतो. चुकलेला हप्ता पतमाहिती अहवालात नोंदला जातो. तो आजारामुळे चुकला की बेफिकिरीने, हे त्या अहवालास कळत नाही.

दुसरी पायरी ‘उपचार निधी’. वरील उदाहरणातील महिला दरमहा ८,००० रुपये साठवू शकते. त्यांतील ५,००० मुलीच्या उच्च शिक्षणासाठी आणि ३,००० घराच्या दुरुस्तीसाठी. एखाद्या महिन्यात झटके वाढले की शिक्षणाच्या ठेवीस हात लागतो, आणि आजारापेक्षा तीच खंत तिच्या मनास अधिक लागते. येथे कोणत्या उद्दिष्टाची तारीख हलू शकते हे प्रथम पाहिले पाहिजे. मुलीची बारावी एक वर्षही पुढे ढकलता येत नाही, घराची दुरुस्ती येते. म्हणून शिक्षणाचे ५,००० रुपये तसेच ठेवावेत. पाच वर्षांत मुद्दलच ३,००,००० रुपये होते. दुरुस्तीच्या रकमेतून १,५०० रुपये वेगळ्या बचत खात्यात ‘उपचार निधी’ म्हणून वळवावेत. १,०८,००० रुपयांच्या दुरुस्तीस तीन वर्षांऐवजी सहा वर्षे लागतील हे खरे. पण वर्षाला जमणाऱ्या १८,००० रुपयांतून औषधोपचाराचे १३,२०० रुपये भागून ४,८०० रुपये, म्हणजे तीन बिनपगारी दिवसांची भरपाई शिल्लक राहते. शिक्षणाच्या ठेवीस हात लावण्याचे कारणच उरत नाही.

तिसरी पायरी ठेवींच्या रचनेची. १,२०,००० रुपयांची एकच मुदत ठेव करण्याऐवजी ४०,००० रुपयांच्या तीन ठेवी निरनिराळ्या मुदतींच्या कराव्यात. गरज पडल्यास एकच मोडावी लागते आणि मुदतीपूर्व व्याजकपातीचा फटका तेवढ्याच रकमेस बसतो.

चौथी पायरी व्यवहार करू शकणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीची. खाते पती, पत्नी किंवा विश्वासू नातलगासह ‘दोघांपैकी एक अथवा हयात’ या पद्धतीने संयुक्त असल्यास झटक्याच्या दिवशी व्यवहार अडत नाहीत. मात्र आपला गोपनीय क्रमांक किंवा ओटीपी कोणासही सांगू नये. आर्थिक निर्णयांबाबत एक नियम स्वतःस घालून घ्यावा : डोके दुखत असताना गुंतवणूक करायची नाही, मोडायची नाही आणि दूरध्वनीवरून आलेल्या कोणत्याही प्रस्तावास होकार द्यायचा नाही.

विम्याची मर्यादा ओळखावी

नेहमीच्या आरोग्य विम्यात काही ठरावीक उपचार सोडल्यास किमान २४ तासांचे रुग्णालयवास्तव्य आवश्यक असते. अर्धशिशीचा बहुतेक खर्च बाह्यरुग्ण विभागातला असल्याने तो त्यात बसत नाही. उपचार निधीची गरज आहे ती यासाठीच. तरीही विमा हवाच, कारण अर्धशिशी असलेल्या माणसास इतर आजारही होऊ शकतात. प्रस्तावपत्रात अर्धशिशीची माहिती दडवू नये. १ एप्रिल २०२४ पासून पूर्वीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ अधिकाधिक तीन वर्षांचा करण्यात आला आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या प्रीमियमवरील वस्तू व सेवा करही उठविण्यात आला आहे. जुनी करप्रणाली स्वीकारणाऱ्यांस प्रीमियमवर वजावटीचा लाभही घेता येतो.

सहकारी आणि शाखा

अर्धशिशी बाहेरून दिसत नाही. त्यामुळे ‘काल तर चांगला होता’ हे उद्गार रुग्णास वेदनेइतकेच लागतात. वरिष्ठांस आधीच विश्वासात घेणे, महत्त्वाचे काम अखेरच्या दिवसावर न ठेवणे, आपल्या कामाची टिपणे सहकाऱ्यास समजतील अशी ठेवणे या गोष्टी कर्मचाऱ्याच्या हाती आहेत. डोळ्यांवर येणारा दिवा हलविणे, जेवणाची वेळ पाळू देणे, पंधरा मिनिटे शांत बसू देणे हे शाखाप्रमुखाच्या हाती आहे. यांपैकी कशालाही मोठी मंजुरी लागत नाही. काउंटरवर कपाळ दाबून उभा असलेला ग्राहक हप्ता चुकविण्याच्या बेतात आहे असे नसून, त्याला केवळ स्थायी सूचनेचा अर्ज हवा आहे, हेही शक्य आहे.

अर्धशिशी बहुधा पूर्णतः जात नाही, तिला आटोक्यात ठेवावे लागते. आर्थिक उद्दिष्टांचेही तसेच असते. वर लिहिलेल्या उदाहरणातील महिलेच्या वहीत पुढील वर्षीही काही दिवसांपुढे लाल खूण असेलच. त्या दिवशी ती पडदे ओढून निजलेली असेल, आणि तिच्या खात्यातून मुलीच्या शिक्षणाचा पाच हजारांचा हप्ता ठरल्या तारखेस, ठरल्या वेळी, ठेवीत जमा झालेला असेल.