टाळेबंदींतील विद्यार्थी व त्याची चिंता

सन २०२० च्या मार्च महिन्याच्या २५ व्या तारखेस करोनाच्या साथीमुळें सर्व देशांत टाळेबंदी सुरू झाली. त्या सुमारास पुणें, मुंबई येथील वसतिगृहें रिकामीं झालीं व विद्यार्थी आपापल्या खेड्यांस परतले. आठ-पंधरा दिवसांत परत जाऊं अशा समजुतीनें कित्येकांनीं पुस्तकें खोलींतच ठेविलीं. घरीं ते सुखरूप होते. तरी पुष्कळांस झोप येईना. असें कां झालें, ह्याचा आज विचार करूं. कारण त्या वेळीं घरच्या मंडळींस तें नीट कळलें नाहीं.

भय व चिंता ह्या भिन्न गोष्टी आहेत. वाटेंत साप दिसला म्हणजे छाती धडधडते; साप गेला म्हणजे शरीर पुनः शांत होतें. चिंतेचा विषय मात्र डोळ्यांपुढें नसतो. ‘काय होईल?’ ह्या प्रश्नास उत्तर मिळत नाहीं, आणि तें मिळेपर्यंत शरीर साप समोर असल्याप्रमाणेंच वागत राहतें. म्हणून पोट बिघडतें, डोकें जड होतें, वाचलेली ओळ ध्यानांत राहत नाहीं. हें सोंग नव्हे.

आतां शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याचें उदाहरण घ्या. मे महिन्याच्या अखेरीस महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनीं जाहीर केलें कीं अंतिम वर्षाची परीक्षा होणार नाहीं, मागील सत्रांच्या गुणांवरून निकाल लागेल. त्यानें पुस्तक मिटलें. ६ जुलै रोजीं विद्यापीठ अनुदान आयोगानें कळविलें कीं सप्टेंबर अखेरपर्यंत परीक्षा घेतलीच पाहिजे. त्यानें पुस्तक उघडलें. वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला, व २८ ऑगस्ट रोजीं निकाल झाला कीं परीक्षेवांचून पदवी नाहीं. फार तर राज्यांनीं आयोगाकडे मुदत वाढवून मागावी. अखेर बहुतेक ठिकाणीं ऑक्टोबरांत परीक्षा झाली, तीही मोबाईलवर किंवा संगणकावर. कठीण परीक्षेची तयारी करतां येते. तारीख नसलेल्या परीक्षेची कशी करावी? शिवाय डोंगराळ गांवांतील मुलांस रेंजसाठीं टेकडीवर जाऊन बसावें लागे, आणि बापाचें काम बंद असतां नव्या मोबाईलचें नांव काढण्याची लाज वाटे, ती निराळीच.

घरांत काय घडे? मुलगा उशिरां उठे. आई म्हणे, ‘शिकून आळशी झाला.’ वडील दिवसांतून तीनदां विचारीत, ‘बाळा, परीक्षेचें काय झालें?’ प्रश्न मायेचा. पण ज्याचें उत्तर कोणासच ठाऊक नव्हतें, तो त्या एकट्यास विचारला जाई. मुलींची गोष्ट याहून अवघड. कॉलेज बंद, म्हणून घरकाम त्यांच्या अंगावर पडे, आणि कोठें कोठें लग्नाचीं बोलणींही सुरू होत. ‘मला परत जाऊं देतील काय?’ ही चिंता परीक्षेहून मोठी, व ती बोलून दाखविण्याची सोय नाहीं.

अशा मुलास ‘चिंता करूं नको’ म्हणणें हें ताप आलेल्यास ‘तापूं नको’ म्हणण्यासारखें आहे. (आम्हां पाळकांच्या तोंडीं तर तें फारच लवकर येतें.) त्यापेक्षां उठण्याची एक वेळ ठरवावी, सकाळच्या उजेडांत त्यास शेतावर सोबत न्यावें, आणि जें हातीं आहे, म्हणजे आजचीं दहा पानें, तेवढेंच मोजावें. काम करतां करतां तो बोलूं लागल्यास मध्यें उपदेश करूं नये. परंतु दोन आठवडे झोप व अन्न तुटलें, तर डॉक्टरकडे न्यावें. ‘मी नसतों तर बरें’ असे शब्द आले, तर क्षणभरही एकटें सोडूं नये, व जीव देण्याचें मनांत येतें काय, असें स्पष्ट विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत पेरला जात नाहीं. उलट बोलण्यास वाट मिळते. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही सेवा आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत व मराठींतही बोलतां येतें. हा आंकडा घरांतील भिंतीवर, मुलांच्या नजरेस पडेल असा, लिहून ठेवावा.